घळईतील वाळूचा जमाखर्च : कोलोरॅडो नदीवरील ध्वनिमापनाचे एक प्रकरण

ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे १३ मार्च १९६३ रोजी बंद झाले आणि ग्रँड कॅन्यनमधून वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीचा रंगच बदलला. त्याआधी लीज फेरीपाशी वर्षाला सरासरी ५.७ कोटी टनांच्या आसपास निलंबित, म्हणजे पाण्यात तरंगत जाणारा, गाळ वाहत येई. धरणानंतर तो धरणामागच्या लेक पॉवेल जलाशयाच्या तळाशी बसू लागला आणि खाली सुटणारे पाणी थंड, नितळ, हिरवट झाले. लीज फेरी धरणाच्या सुमारे २५ किलोमीटर खाली आहे, आणि तिथपर्यंत नदीला नवी वाळू देणारे जवळजवळ कोणी नाही. लीज फेरी ओलांडल्यावर दीडेक किलोमीटरवर पारिया ही लहानशी उपनदी मिळते. ती वर्षाला सरासरी ३० लाख टन गाळ आणते आणि त्यातली निम्मी वाळू असते. घळईच्या तोंडाशी धरणापूर्वी जेवढी वाळू येत होती, तिच्या हे जेमतेम ६ टक्के. पुढे लिटल कोलोरॅडो मिळाली की त्यात थोडी भर पडते. नदीची मिळकत एवढीच.

घळईत या वाळूला मोठे काम आहे. आजूबाजूच्या ओढ्यांनी आणून टाकलेल्या दगडधोंड्यांनी नदीचे पात्र जागोजागी आवळले आहे. अशा ठिकाणी खळाळ तयार होतो, आणि खळाळाच्या लगेच खाली काठालगत पाणी उलटे फिरते. या फिरत्या पाण्यात वाळू बसते आणि पुळणी तयार होतात. नावेतून घळई उतरणारे लोक या पुळणींवर मुक्काम करतात. कोरडी वाळू वाऱ्याने उडून वरच्या पुरातत्त्वीय जागांवर पांघरली जाते, त्यामुळे त्या जागा झिजत नाहीत. पुळणींच्या आडोशाला साचणाऱ्या शांत पाण्याचा स्थानिक माशांच्या पिल्लांना आधार असतो. धरणानंतर या पुळणी दशकानुदशके आकसत गेल्या. १९९२ मध्ये ग्रँड कॅन्यन संरक्षण कायदा झाला आणि धरण चालवताना खालच्या घळईचा विचार करणे बंधनकारक झाले.

उपाय सुचला तो पुराचा. वाळू तळाशी असते आणि पुळणी उंचावर. तळाची वाळू वर चढवायची तर पाण्याची पातळी वाढवावी लागते. २६ मार्च १९९६ रोजी सुरू झालेल्या पहिल्या प्रयोगात सात दिवस ४५,००० क्यूसेक विसर्ग सोडला गेला. विद्युतगृहाच्या जनित्रांतून एवढे पाणी जात नाही. वरचे सुमारे १५,००० क्यूसेक बाजूच्या नळांतून सोडावे लागते आणि त्या पाण्याची वीज होत नाही. म्हणजे अशा पुराच्या प्रत्येक तासाला किंमत आहे.

पुळणी वाढल्या. पण मोजण्या तपासल्यावर लक्षात आले की त्या वाढवणारी वाळू बरीचशी नदीच्या तळातून आलेली नव्हती. ती वरच्या बाजूच्या भोवऱ्यांतून, म्हणजे आधीच्याच पुळणींच्या पाण्याखालच्या भागांतून उचलली गेली होती. एका पुळणीचे भांडवल मोडून दुसरी उभी राहिली होती. तळात वर्षानुवर्षे साचलेला वाळूचा साठा आहे आणि पुराने तो वर येईल, हे प्रयोगामागचे गृहीतक डळमळीत झाले.

या प्रकरणाचा प्रश्न इथून सुरू होतो आणि तो सांगायला फार सोपा आहे. पारियाने या हंगामात आणलेली वाळू अजून घळईत आहे का, आणि असेल तर किती? वाळू असेल तर पूर सोडण्यात अर्थ आहे. नसेल तर तोच पूर उरलेली वाळूही घळईखालच्या लेक मीड जलाशयात ढकलतो.

विसर्गावरून वाळू का काढता येत नाही

नदीचा गाळ मोजण्याची जुनी रीत अशी : काही वेळा विसर्ग आणि गाळ दोन्ही मोजायचे, आलेखावर बिंदू मांडून त्यांतून एक वक्र काढायचा, आणि पुढे विसर्ग मोजून वक्रावरून गाळ वाचायचा. रीत सोयीची आहे. जगभर असंख्य धरणांचे आयुष्यमान याच वक्रांवरून काढले गेले. धरण कसे चालवावे यावरच्या १९९५ च्या पर्यावरणीय अहवालातला तळाच्या साठ्याचा हिशेबही विसर्ग आणि वाळू यांचे नाते स्थिर असते, या समजुतीवर उभा होता.

घळईत ते नाते स्थिर नाही. डेव्हिड टॉपिंग, डेव्हिड रुबिन आणि यूएसजीएस या अमेरिकी भूवैज्ञानिक संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या नोंदी पुन्हा तपासून याचे कारण दाखवले. पारियाला पूर आला की मुख्य नदीच्या तळावर बारीक वाळूचा थर येतो. बारीक वाळू सहज उचलली जाते, म्हणून तेवढ्याच विसर्गाला पाण्यात एकदम जास्त वाळू दिसते. काही आठवड्यांत-महिन्यांत बारीक कण निघून जातात, तळ भरड होतो, आणि तोच विसर्ग आता खूपच कमी वाळू नेतो. एकाच विसर्गाला वाळूचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे असू शकते. अशा नदीत वक्रावरून काढलेला आकडा कधी फार मोठा, कधी फार लहान येतो. शिवाय ज्या काळात निर्णय घ्यायचा, म्हणजे पारियाच्या पुरानंतर लगेच, नेमका तेव्हाच तो सर्वांत जास्त चुकतो.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. धरणापूर्वी जुलै ते मार्च या काळात विसर्ग ९,००० क्यूसेकच्या खाली असताना वाळू घळईत साचत असे आणि वसंतातल्या बर्फवितळीच्या पुराने पुढे जात असे. आता विजेच्या मागणीनुसार सुटणारे पाणी बराच काळ त्या पातळीच्या वरच असते. त्यामुळे वाळूला बसायला उसंत मिळत नाही.

तेव्हा पाण्यातली वाळू मोजायची, आणि तीही सतत. नमुने घेऊन हे होण्यासारखे नाही. ग्रँड कॅन्यनच्या मोजणी केंद्रावर १९२५ ते १९७२ या काळात रोज गाळाचे नमुने घेतले गेले. हे मोठ्या चिकाटीचे काम आणि आजही त्या नोंदी अमोल आहेत. पण आता विसर्ग विजेच्या मागणीबरोबर दिवसातच चढतो-उतरतो आणि त्याच्याबरोबर वाळूही. पारियाचा पूर रात्री येऊन पहाटेपर्यंत ओसरू शकतो. दिवसाला एक नमुना घेतला तर दिवसातला कोणता क्षण हाती लागला, यावरच हिशेब ठरेल.

काठावरून आडवा आवाज

२००२ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या केंद्रावर, लीज फेरीपासून ८७ मैलांवर, पाण्याखाली काठाला ध्वनियंत्रे बसवली गेली. पुढे ३०, ६१, १६६ आणि २२५ मैलांवरही तशी केंद्रे उभी राहिली. ही नदीवर आडवी रोखलेली डॉप्लर यंत्रे आहेत. ती काठावरून पात्रात आडवा ध्वनिझोत सोडतात आणि परत येणारा आवाज अंतरागणिक कप्प्यांत नोंदवतात. दर १५ मिनिटांनी एक मोजणी, म्हणजे दिवसाला ९६. ८७ मैलांच्या केंद्रावर ६०० किलोहर्ट्‌झ, १ मेगाहर्ट्‌झ आणि २ मेगाहर्ट्‌झ अशा तीन वारंवारता वापरल्या गेल्या.

मुळात हे यंत्र पाण्याचा वेग मोजण्यासाठी घडवलेले आहे. पाण्याबरोबर वाहणाऱ्या कणांवरून परतलेल्या आवाजाची वारंवारता किंचित बदललेली असते. कण किती वेगाने जवळ येतो किंवा दूर जातो, ते या बदलावरून कळते. इथे मात्र जास्त काम येते ती परतलेल्या आवाजाची तीव्रता, जी वेगाच्या मोजणीत दुय्यम नोंद म्हणून पडून असते. पाण्यात कण जास्त, तर प्रतिध्वनी मोठा. कल्पना इतकी सरळ वाटते की ती तशीच वापरण्याचा मोह अनेकांना होतो. अनेक नद्यांवर तो मोह फसवतो. घळईतले काम टिकले, कारण तिथल्या लोकांनी तो मोह सुरुवातीलाच बाजूला ठेवला.

अडचण समजून घेण्यासाठी परतणाऱ्या आवाजाचा प्रवास पाहू. दूर जाताना झोत पसरतो, म्हणून तीव्रता घटते. ही घट निव्वळ भूमितीची आहे आणि नेमकी काढता येते. पाणी स्वतः थोडा आवाज शोषते. ते वारंवारता आणि तापमान यांवर ठरते आणि तेही माहीत आहे. तिसरी घट गाळ करतो, आणि सगळा घोळ तिच्यात आहे. पाण्यात मळी आणि चिकणमातीचे, म्हणजे चिखलाचे, अतिबारीक कण असले की आवाज त्यांना हलवण्यात, कण आणि पाणी यांच्यातल्या घर्षणात खर्च होतो. मेगाहर्ट्‌झच्या आसपास हे शोषण एक-दोन मायक्रॉनच्या कणांमुळे सर्वांत जास्त होते. असे कण प्रतिध्वनी मात्र फारसा देत नाहीत. वाळूचे वागणे उलट आहे. वाळूचा कण जोरात प्रतिध्वनी देतो, पण घळईत सामान्यपणे जेवढी वाळू असते तिच्यामुळे होणारी घट चिखलामुळे होणाऱ्या घटीपुढे कमी पडते.

आता पारियाला पूर आल्यावर काय होते पाहा. चिखल आणि वाळू दोन्ही वाढतात. समजा चिखलामुळे दर मीटरला ०.१ डेसिबल जास्त घट होऊ लागली. ३० मीटरवरच्या कप्प्यासाठी आवाजाला जाऊन-येऊन ६० मीटर जावे लागते, म्हणजे ६ डेसिबल कमी. तीव्रता चौथाईवर आली. कच्चा प्रतिध्वनी पाहणारा म्हणेल, वाळू चौपटीने घटली. प्रत्यक्षात पाणी आधीपेक्षा कितीतरी गढूळ झालेले असेल आणि वाळूही वाढलेली असेल.

या पद्धतीचे मर्म याच अडचणीत आहे. घट हाच एक वाचन-आकडा मानायचा. झोताच्या पसरण्याची आणि पाण्याची घट वजा केल्यावर जवळच्या कप्प्यापासून दूरच्या कप्प्यापर्यंत आवाज ज्या उताराने कमी होतो, तो उतार म्हणजे गाळामुळे होणारी घट. त्यावरून मळी आणि चिकणमातीचे प्रमाण मिळते. मग तीच घट भरून काढून प्रतिध्वनी दुरुस्त केला की उरलेली तीव्रता वाळूबद्दल सांगते. एकाच आवाजाच्या दोन वेगळ्या गुणांवरून गाळाचे दोन वेगळे हिस्से काढले जातात. त्यांची सीमा ०.०६२५ मिलिमीटर, म्हणजे वाळू आणि मळी यांना वेगळे करणारी प्रमाणित रेषा. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. इतर बहुतेक ठिकाणी दुरुस्त्यांच्या यादीत हरवणारी एक राशी इथे स्वतंत्र मोजमाप झाली. शिवाय पुळणींच्या प्रश्नाला हवी होती ती वाळूच, चिखल नाही. नुसता एकूण गाळ सांगणारे यंत्र इथे निरुपयोगी ठरले असते.

कणाचा आकार

पण घट हिशेबात धरल्यावरही दुरुस्त प्रतिध्वनी म्हणजे वाळूचे प्रमाण नव्हे. वाळूचे प्रमाण दुप्पट झाले तर प्रतिध्वनी ३ डेसिबलने वाढतो. कणाचा व्यास दुप्पट झाला आणि वजनाने वाळू तेवढीच राहिली, तर प्रतिध्वनी किती वाढेल? कण आवाजाच्या तरंगलांबीपेक्षा बराच लहान असेल तेव्हा एकेका कणाचा प्रतिध्वनी व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. तेवढ्याच वजनात कणांची संख्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने घटते. उरतो तिसरा घात, म्हणजे आठपट, म्हणजे ९ डेसिबल. पाण्यातल्या वाळूत काहीच भर पडलेली नसताना यंत्र आठपट वाळू दाखवू शकते.

इतर नदीत कणांचा आकार फारसा बदलत नसेल तर ही बाब दुर्लक्षिता येईल. पण या नदीत वक्र निकामी ठरला तो आकार बदलतो म्हणूनच. ज्या गोष्टीने जुनी पद्धत हरली, तीच नव्या पद्धतीच्याही आड उभी राहिली.

यावरचा मार्ग म्हणजे एकापेक्षा जास्त वारंवारता. दहा अंश तापमानाच्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,४५० मीटर. त्या हिशेबाने तरंगलांबी ६०० किलोहर्ट्‌झला सुमारे २.४ मिलिमीटर आणि २ मेगाहर्ट्‌झला ०.७ मिलिमीटर येते. एकाच आकाराचा कण या दोन आवाजांना वेगळ्या प्रमाणात परतवतो. दोन वारंवारतांच्या प्रतिध्वनीतला फरक कणाच्या आकारावर अवलंबून असल्यामुळे आकार आणि प्रमाण दोन्ही एकत्र सोडवता येतात. वाळू भरड होत चालली असेल तर ते ध्वनीच्या नोंदीतच दिसते. याचा दुसरा लाभ म्हणजे पल्ला. पाणी फार गढूळ झाले की २ मेगाहर्ट्‌झचा आवाज लवकर विरतो आणि दूरचे कप्पे रिकामे पडतात. कमी वारंवारता अशा वेळी तग धरते.

टॉपिंग आणि स्कॉट राइट यांनी २०१६ मध्ये या पद्धतीचा सिद्धांत, वापर आणि चुका यांचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. त्यात कोलोरॅडोबरोबर रिओ ग्रांदेवरच्या केंद्रांचाही समावेश आहे. चुकांना सिद्धांताइतकीच जागा देणारे असे लेखन मोजमापाच्या क्षेत्रात विरळा. आपल्या नदीवर ध्वनियंत्र बसवू पाहणाऱ्याने चुकांचा भाग आधी वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

नमुने थांबले नाहीत

ध्वनी कितीही सतत मोजला तरी तो काठापासून काही अंतरापर्यंत, एका उंचीवर, एका पट्ट्यात मोजला जातो. हिशेबाला हवे असते संपूर्ण छेदातले वेगभारित सरासरी प्रमाण. वाळू तळाजवळ दाट आणि वर विरळ असते. पाण्याची पातळी चढली की झोत तळापासून तेवढ्याच उंचीवर राहतो, पण पृष्ठभाग दूर जातो, आणि झोतात दिसणारी वाळू व छेदातली सरासरी वाळू यांचे नाते बदलते. हे अंतर सिद्धांताने भरून निघत नाही. त्यासाठी छेदाच्या अनेक उभ्या रेषांवर नमुनायंत्र पृष्ठभागापासून तळापर्यंत एकसारख्या गतीने खाली-वर नेऊन नमुने घ्यावे लागतात. प्रयोगशाळेत वाळू आणि चिखल वेगळे करून दोन्ही तोलावे लागतात आणि त्या आकड्यांशी ध्वनीची नोंद जुळवावी लागते. प्रत्येक केंद्राची जुळणी वेगळी असते. एकदा जुळवून भागत नाही. कमी विसर्ग, जास्त विसर्ग, पारियाचा पूर, लिटल कोलोरॅडोचा पूर, प्रयोगाचा पूर अशा सगळ्या स्थितींतले नमुने लागतात, आणि काही नमुने जुळणीत न वापरता पडताळणीसाठी राखून ठेवावे लागतात.

ध्वनियंत्र आले की नमुन्यांचा खर्च वाचेल, असे गणित मांडून यंत्र विकत घेतले जाते तेव्हा काम पहिल्याच दिवशी चुकते. यंत्राने नमुन्यांमधली रिकामी जागा भरली. नमुन्यांची जागा त्याने घेतलेली नाही.

पाणी मोजताना तळ सरकतो

वाळूचे प्रमाण मिळाले की त्याला विसर्गाने गुणायचे. विसर्ग पाणीपातळीवरून काढतात आणि पातळी-विसर्गाचे नाते अधूनमधून प्रत्यक्ष मोजून तपासतात. त्यासाठी नावेवरचा एडीसीपी, म्हणजे थरागणिक पाण्याचा वेग मोजणारे डॉप्लर यंत्र, वापरला जातो. हे यंत्र खाली रोखलेले असते, नाव एका काठाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि यंत्र पाण्याचा वेग व खोली मोजत जाते. नाव स्वतः चालत असल्याने तिचा वेग वजा करावा लागतो आणि तो तळावरून येणाऱ्या प्रतिध्वनीने काढतात. तळ स्थिर आहे, असे यात गृहीत आहे.

वाळूच्या नदीत मोठ्या विसर्गाला तळ स्थिर नसतो. तळाची वाळू खाली सरकत असेल तर यंत्राला नाव वरच्या दिशेला चालल्याचा भास होतो आणि पाण्याचा वेग कमी नोंदवला जातो. पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला दीड मीटर आणि तळाचा भासमान वेग पाच सेंटिमीटर असेल, तर विसर्ग तीन टक्क्यांहून जास्त कमी येतो. हे ओळखायची चाचणी सोपी आहे. नाव प्रवाहात एका जागी धरून ठेवायची आणि यंत्र काय म्हणते ते पाहायचे. नाव हललेली नसताना यंत्र तिला वर चढवत असेल तर तळ सरकतो आहे. मग उपग्रहस्थानावरून नावेचा वेग काढायचा किंवा चाचणीतल्या भासमान वेगाने दुरुस्ती करायची. उंच कड्यांमधून आकाशाचा अरुंद पट्टाच दिसतो अशा घळईत उपग्रहांवर नेहमी भिस्त ठेवता येत नाही, म्हणून चाचणी टाळून चालत नाही.

हा भास काहींनी कामालाही लावला आहे. कॅनडात फ्रेझर नदीवर कॉलिन रेनी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याच भासमान वेगावरून तळालगत सरकणाऱ्या गाळाचा वेग काढून दाखवला.

तापमानाचेही इथेच सांगून टाकतो. वेग काढताना आवाजाचा वेग गृहीत असतो. १० अंशांचे पाणी २० अंशांचे धरले तर पाण्याचा वेग सुमारे अडीच टक्क्यांनी चुकतो. धरणाच्या तळातून थंड पाणी सुटते अशा नदीवर ही क्षुल्लक बाब नाही.

दोन-तीन टक्क्यांची एवढी काळजी का

वाळूचा हिशेब वजाबाकीचा आहे. दोन केंद्रांमधल्या टापूत वरून आलेली वाळू, अधिक उपनद्यांनी आणलेली, वजा खालून गेलेली. उरले ते टापूतले. आलेली आणि गेलेली या मोठ्या संख्या आहेत आणि उरलेली लहान. समजा वर्षभरात खालच्या केंद्रावरून १० लाख टन वाळू गेली आणि मोजणी ५ टक्क्यांनी एकाच बाजूला झुकलेली आहे. चूक झाली ५०,००० टनांची. टापूत ३०,००० टनांची भर पडली असे उत्तर आले, तर ती भर आहे की घट, हेच सांगता येत नाही.

इथे यादृच्छिक चूक आणि झुकाव यांतला फरक निर्णायक ठरतो. एकेका मोजणीतली यादृच्छिक चूक मोठी असली तरी दिवसाला ९६ मोजण्यांच्या बेरजेत ती जवळजवळ विरून जाते. सतत मोजण्याची खरी ताकद ही. झुकाव मात्र बेरजेत विरत नाही, उलट प्रत्येक टनाबरोबर साचत जातो. म्हणून या हिशेबातला अनिश्चिततेचा पट्टा काळाबरोबर रुंदावत जातो. सहा महिन्यांसाठी स्पष्ट असलेले उत्तर दहा वर्षांसाठी धूसर होते. ग्रँड कॅन्यन मॉनिटरिंग अँड रिसर्च सेंटरने हा हिशेब सर्वांसाठी खुला ठेवला आहे. कोणीही टापू आणि काळ निवडून वाळूचा ताळेबंद पाहू शकतो, आणि आलेख अनिश्चिततेच्या पट्ट्यासकट दिसतो. इतकेच नाही, पाहणारा स्वतः झुकावाचे टक्के बदलून उत्तर कसे पालटते ते तपासू शकतो. पाण्यावरून, विजेवरून आणि पर्यावरणावरून परस्परविरोधी हितसंबंध एका टेबलाशी बसतात तिथे असा खुलेपणा मला यंत्रांइतकाच मोलाचा वाटतो. आकडा आपल्याविरुद्ध गेला म्हणून यंत्रावर संशय घेणाऱ्याला तो संशय स्वतः आकड्यात मांडून पाहता येतो.

पुरांचे वेळापत्रक

नोव्हेंबर २००४ मध्ये दुसरा प्रयोग झाला, पारियाने भरपूर वाळू आणल्यानंतर लगेच. मार्बल कॅन्यन म्हणजे लीज फेरीपासून लिटल कोलोरॅडोपर्यंतची घळई; तिच्या वरच्या भागात, जिथे नवी वाळू होती, पुळणी वाढल्या. खाली, जिथे ती पोहोचली नव्हती, परिणाम कमकुवत राहिला. मार्च २००८ मध्ये तिसरा प्रयोग झाला. २०१२ पासून पूर ही नियमबद्ध बाब झाली. तेव्हाच्या नियमांत १ जुलै ते ३० नोव्हेंबर हा एक हिशेबकाळ होता आणि १ डिसेंबर ते ३० जून हा दुसरा. हिशेबकाळात पारियाने किती वाळू आणली, तिच्यातली मार्बल कॅन्यनमध्ये किती उरली, ते पाहायचे. मग वाळूवहनाच्या प्रतिमानावरून असा पूर ठरवायचा की तो उरलेल्या नव्या वाळूपेक्षा जास्त वाळू बाहेर नेणार नाही. विसर्ग ४५,००० क्यूसेकपर्यंत, काळ ९६ तासांपर्यंत. त्यानुसार नोव्हेंबरमध्ये २०१२, २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ साली पूर सोडले गेले. बऱ्याच पुळणी प्रत्येक पुरात वाढल्या आणि पुढच्या महिन्यांत पुन्हा झिजल्या. वाळू आहे तेव्हाच, वारंवार पूर सोडणे हाच मार्ग उरतो, हे या नोंदींनी ठसवले.

वाळू असली की पूर येतोच असे नाही. २०२१ च्या उन्हाळी वादळांत पारियाने चांगली वाळू आणली, पण लेक पॉवेलची पातळी इतकी खाली होती की त्या शरदात पूर सोडला गेला नाही. पुढचा पूर एप्रिल २०२३ मध्ये, ७२ तासांचा. त्यानंतर बाजूच्या नळांना आतून इजा झाल्याचे आढळले आणि त्यांचा वापर हाच वादाचा विषय झाला. ध्वनियंत्रे निर्णयाचा एकच पाय देतात. तो मात्र भक्कम आहे.

जे आवाजाच्या बाहेर राहते

पारियावर ही पद्धत चालत नाही. तिच्या पुरात लिटरमागे काही लाख मिलिग्रॅम गाळ असतो, आणि त्यात या वारंवारतांचा आवाज उपयोगी अंतर जाण्याआधीच संपतो. तिथे आपोआप नमुने खेचणारे पंप, हाताने घेतलेले नमुने आणि प्रतिमान यांवर भागवावे लागते. याचा अर्थ, हिशेबाच्या जमेची मुख्य बाजू खर्चाच्या बाजूपेक्षा कमी नेमकी आहे. मोजणी नसलेले लहान ओढे तर अंदाजानेच धरले जातात.

म्हणून ताळेबंदाची दुसरी, स्वतंत्र तपासणी हवी होती, आणि ती तळाच्या नकाशांनी केली. बहुझोत सोनारने, म्हणजे एका वेळी अनेक ध्वनिझोत टाकणाऱ्या यंत्राने, पात्राचा तळ आणि भोवरे, काठावरच्या पुळणी जमिनीवरच्या मोजणीने. काही वर्षांनी तेच पुन्हा, आणि दोन नकाशांतला फरक म्हणजे वाळूतला बदल. मार्बल कॅन्यनच्या खालच्या टापूची अशी मोजणी २००९ आणि २०१२ मध्ये झाली. मधल्या २०११ साली लेक मीडकडे पाणी उतरवण्यासाठी महिनोन् महिने मोठा विसर्ग चालला होता. दोन नकाशांमध्ये वाळू घटलेली दिसली. पॉल ग्रॅम्स आणि सहकाऱ्यांनी या नकाशांवरून दाखवलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बदल टापूभर सारखा पसरलेला नसतो, मोजक्या जागांत एकवटलेला असतो. त्यामुळे टापूचा मोठा हिस्सा मोजला नाही तर वाढ झाली की घट, हेही उलटे निघू शकते. काठावर दिसणाऱ्या पुळणी तर एकूण वाळूचा लहानसा भाग आहेत. बहुतेक वाळू पाण्याखाली, तळात आणि भोवऱ्यांत असते.

आडव्या झोताला न दिसणारा शेवटचा हिस्सा म्हणजे तळालगत लाटांच्या रूपाने सरकणारी वाळू. निलंबित वाळूच्या काही ठरावीक टक्के ती धरण्याची वहिवाट आहे. पण विसर्ग कमी असताना तिचा वाटा वाढतो, मोठ्या विसर्गात घटतो, आणि ठरावीक टक्के धरले की त्यातून पुन्हा झुकावच हिशेबात शिरतो. २२५ मैलांवर डायमंड क्रीकपाशी सोनारने तळाच्या त्याच त्या लाटा पुन्हा पुन्हा नकाशात घेतल्या गेल्या. लाटेची उंची आणि ती सरकण्याचा वेग यांवरून तळाची वाळू काढली, आणि ती विसर्ग व निलंबित वाळू यांच्याशी जोडणारी रीत बसवली. विसर्ग आणि निलंबित वाळू, दोन्ही दर १५ मिनिटांना नोंदलेल्या आहेतच. त्यामुळे तळाची वाळू आता टक्केवारीवर न सोडता त्याच नोंदींतून, मागच्या वर्षांसाठीही, काढता येते.